विश्लेषण : वारा बदलला की समुद्र का तापतो? ‘एल निनो’चे कोडे सोडवणारे याकोब ब्यर्कनेस कोण होते?

दरवर्षी एप्रिलमध्ये मान्सूनचा पहिला अंदाज जाहीर झाला की महाराष्ट्रात ‘एल निनो’ या शब्दाची चर्चा सुरू होते. प्रशांत महासागराचे पाणी तापले की आपल्याकडे पाऊस रुसण्याची भीती असते, एवढे आता शाळकरी मुलांनाही माहीत आहे. पण ते पाणी एका वर्षी तापते आणि दुसऱ्या वर्षी थंड का राहते? सूर्य तर दरवर्षी तितकाच तळपतो. या प्रश्नाचे उत्तर समुद्रात नव्हे, तर समुद्रावरून वाहणाऱ्या वाऱ्यात दडले आहे, हे दाखवून देणारे शास्त्रज्ञ म्हणजे याकोब ब्यर्कनेस. नॉर्वेच्या या हवामानशास्त्रज्ञाने पहिला मोठा शोध विशीत लावला आणि दुसरा सत्तरी ओलांडल्यावर पूर्ण केला. दोन्ही शोध आजच्या हवामान अंदाजाचा पाया आहेत.

हवामानाचे बाळकडू

याकोब ब्यर्कनेस यांचा जन्म २ नोव्हेंबर १८९७ रोजी स्टॉकहोममध्ये झाला. आजोबा कार्ल अँटॉन ब्यर्कनेस हे गणिताचे प्राध्यापक. द्रवात हालणाऱ्या वस्तू एकमेकींना कशा ढकलतात, याचे गणित मांडण्यात त्यांचे आयुष्य गेले. वडील व्हिल्हेल्म ब्यर्कनेस यांनी तेच गणित हवेला आणि समुद्राला लावले. उद्याचे हवामान ओळखणे हा अनुभवाचा किंवा अंदाजपंचे ठोकताळ्यांचा विषय नसून भौतिकशास्त्राचा प्रश्न आहे, असे त्यांनी १९०४ मध्येच मांडले होते. आजच्या घडीची आकडेमोड कळली, तर उद्याची मांडता येईल, असा त्यांचा विश्वास होता. त्या काळी संगणक नव्हते, त्यामुळे विश्वास मोठा आणि साधने तोकडी अशी स्थिती होती.

१९१३ मध्ये व्हिल्हेल्म जर्मनीतील लाइपझिग येथे नव्या भूभौतिकी संस्थेचे प्रमुख झाले. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले आणि संस्थेतील तरुण एकेक करून सैन्यात भरती होऊ लागले. हर्बर्ट पेट्झोल्ड नावाचा एक विद्यार्थी वाऱ्याच्या नकाशांवर काम करत होता. दोन दिशांचे वारे जिथे एकमेकांना भिडतात, त्या रेषांचा तो अभ्यास करत होता. १९१६ मध्ये तो व्हर्दूनच्या लढाईत मारला गेला. त्याचे अर्धवट राहिलेले काम उचलले ते वडिलांकडे नुकत्याच आलेल्या याकोबने. वय होते अवघे १८. या रेषा शेकडो नव्हे, हजारो किलोमीटर लांब असू शकतात, त्या पूर्वेकडे सरकतात आणि त्यांच्याबरोबर ढग-पाऊसही सरकतो, हे त्याने दाखवले.

बर्गनच्या पोटमाळ्यावरचा शोध

युद्धामुळे लाइपझिगमध्ये अन्नाची टंचाई झाली, विद्यार्थी उरले नाहीत. १९१७ मध्ये ब्यर्कनेस कुटुंब नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील बर्गन या शहरात आले. बर्गन म्हणजे पावसाचे गाव. आपल्याकडच्या महाबळेश्वर-आंबोलीची आठवण यावी असे. नॉर्वे युद्धात तटस्थ होता, पण धान्याची आयात आटली होती. शेतकऱ्याला कापणीचा दिवस अचूक कळला, तर थोडे तरी धान्य वाचेल, या विचाराने १९१८ च्या उन्हाळ्यात पश्चिम नॉर्वेतील शेतकऱ्यांसाठी अंदाज देण्याचे काम सुरू झाले.

अडचण अशी की, ब्रिटनकडून तारेने येणारी हवामानाची माहिती युद्धामुळे बंद होती. हवामान येते पश्चिमेकडून आणि पश्चिमेकडची बातमीच नाही! मग किनाऱ्यावर जागोजागी निरीक्षण ठाणी उभारण्यात आली. मच्छीमार, दीपगृहांचे रखवालदार, पाणबुड्यांवर नजर ठेवणारे नौदलाचे पहारेकरी यांच्याकडून वाऱ्याची, ढगांची, पावसाची नोंद मागवली जाऊ लागली. नकाशावर ठिपके दाट झाले आणि आजवर न दिसलेले चित्र दिसू लागले.

समशीतोष्ण प्रदेशातील वादळ म्हणजे नुसता हवेचा भोवरा नाही. त्यात उबदार हवेची पाचर असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना थंड हवा. या दोन हवांच्या सीमेवरच ढग आणि पाऊस तयार होतात. याकोब यांनी हे अवघ्या आठ पानांच्या निबंधात मांडले. तो १९१९ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा ते २१ वर्षांचे होते. पुढे या सीमांना ‘आघाडी’ म्हणजे फ्रंट हे नाव पडले. महायुद्धातल्या आघाड्यांच्या बातम्या रोजच कानावर पडत होत्या, तिथूनच ते आले. हाल्व्हर सोलबर्ग यांच्यासह १९२२ मध्ये त्यांनी वादळाचा जन्म, तारुण्य आणि अंत यांचे चक्रही मांडले. परदेशी वाहिन्यांवरील हवामान नकाशात आजही दिसणाऱ्या, त्रिकोण आणि अर्धवर्तुळे लावलेल्या निळ्या-लाल रेषा या बर्गनच्या परंपरेतल्याच.

एवढ्यावर थांबले असते तरी त्यांचे नाव राहिले असते.

आठ महिन्यांसाठी गेले आणि तिथलेच झाले

१९३९ मध्ये ब्यर्कनेस पत्नी हेडव्हिग आणि मुलांसह अमेरिकेत व्याख्यान दौऱ्यावर गेले. दौरा आठ महिन्यांचा होता. त्यातच दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वे ताब्यात घेतला. परतीचा रस्ता बंद झाला. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी हवामानशास्त्राचे शिक्षण सुरू केले. सहकारी योर्गेन होल्म्बोही नॉर्वेचेच. अमेरिकी हवाई दलाला हवामान अधिकारी हवे होते आणि ते झटपट हवे होते. मोजक्या विद्यापीठांवर ही जबाबदारी पडली, त्यात लॉस एंजेलिस होते. संगणकाने हवामान अंदाज वर्तवण्याचा पाया घालणारे ज्यूल चार्नी याच विभागात शिकले.

१९४६ मध्ये ब्यर्कनेस अमेरिकेचे नागरिक झाले. उंच उडणाऱ्या रॉकेटमधून घेतलेल्या ढगांच्या छायाचित्रांचा हवामान विश्लेषणासाठी वापर करणाऱ्या पहिल्या काही जणांत ते होते. तेव्हा उपग्रह अवकाशात जायचे होते. मानसन्मान मिळत होते, निवृत्तीचे वय जवळ येत होते. अशा वेळी बहुतेक शास्त्रज्ञ आठवणी लिहायला घेतात. ब्यर्कनेस यांनी मात्र हवेकडची नजर खाली वळवून समुद्राकडे पाहायला सुरुवात केली.

वारा समुद्र थंड कसा करतो?

उन्हाळ्यात माठातले पाणी थंड का होते, हे मराठी घरात कुणाला सांगायला नको. माठ पाझरतो, वारा लागतो, पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना उष्णता निघून जाते. माठ खिडकीत वाऱ्याला ठेवला की पाणी अधिक गार. समुद्राचेही तसेच आहे, फक्त माठ महाप्रचंड आहे. वारा जोरात वाहिला की बाष्पीभवन वाढते. वारा कोरडा आणि थंड असेल तर पाण्यातली उष्णता आणखी वेगाने खेचली जाते. शिवाय वारा पाणी घुसळतो. वरचे उबदार पाणी खालच्या थंड पाण्यात मिसळते आणि पृष्ठभाग गार होतो.

तिसरी गोष्ट थोडी कमी परिचयाची आहे. पृथ्वी फिरत असल्यामुळे वाऱ्याने ढकललेले पाणी सरळ वाऱ्याच्या दिशेने जात नाही, तिरके सरकते. उत्तर गोलार्धात वाऱ्याच्या उजवीकडे, दक्षिणेत डावीकडे. किनाऱ्याला समांतर वारा वाहिला तर पाणी किनाऱ्यापासून दूर लोटले जाते आणि ती जागा भरायला खोलातले थंड पाणी वर येते. सोमालियाच्या किनाऱ्यावर नैऋत्य मोसमी वारे हेच करतात. ऐन पावसाळ्यात अरबी समुद्र मे महिन्यापेक्षा थंड असतो, त्यामागे ढगांच्या सावलीइतकाच वाऱ्याचाही हात असतो.

विषुववृत्तावर तर मोठीच गंमत होते. तिथे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारे व्यापारी वारे उत्तरेकडचे पाणी उत्तरेला आणि दक्षिणेकडचे पाणी दक्षिणेला लोटतात. समुद्र जणू विषुववृत्तावर उसवतो आणि त्या फटीतून थंड पाणी वर येते. त्यामुळे पृथ्वीच्या पोटावर, जिथे ऊन सर्वात जास्त, तिथेच पूर्व प्रशांत महासागरात थंड पाण्याची लांबलचक जीभ दिसते.

आधी अटलांटिकची वही

ब्यर्कनेस यांनी सुरुवात केली ती ओळखीच्या अटलांटिक महासागरापासून. जहाजांवरचे खलाशी बादलीने समुद्राचे पाणी वर काढून त्याचे तापमान मोजत आणि नोंदवहीत लिहून ठेवत. अशा असंख्य नोंदी दशकानुदशके साठलेल्या होत्या. दुसरीकडे आइसलँडजवळचा कमी दाब आणि अझोर्स बेटांजवळचा जास्त दाब यांच्या नोंदी होत्या. या दोन दाबांतला फरक मोठा असेल तर पश्चिमी वारे जोरात, कमी असेल तर मंद.

दोन्ही वह्या शेजारी ठेवल्यावर १९६४ पर्यंत त्यांचे चित्र स्पष्ट झाले. ज्या वर्षी पश्चिमी वारे जोरात वाहतात, त्या वर्षी उत्तर अटलांटिकचे पाणी थंड पडते. कॅनडाकडून येणारी थंड, कोरडी हवा त्यातली ऊब पळवते. वारे मंदावले की पाणी उबदार राहते. म्हणजे एका वर्षापासून दुसऱ्या वर्षापर्यंत होणाऱ्या बदलांत वारा हुकूम देतो आणि समुद्र तो पाळतो.

पण त्याच नोंदींत दुसरी एक गोष्ट दडलेली होती आणि ब्यर्कनेस यांचे मोठेपण ती न लपवण्यात आहे. पंधरा-वीस वर्षांचा दीर्घ कल पाहिला की हे सोपे नाते पुरत नाही. वाऱ्याचा जोर वर्षानुवर्षे टिकला की समुद्रातले मोठे प्रवाहच बदलतात, गल्फ स्ट्रीमसारखा प्रवाह अधिक उष्णता वाहून आणतो आणि काही भागांत पाणी थंड होण्याऐवजी तापते. थोडक्यात, वर्षाचा हिशेब वेगळा आणि दशकांचा वेगळा. हवामान बदलाच्या आजच्या चर्चेतही हा फरक अनेकदा विसरला जातो.

१९५७ : पेरूचे दुखणे अख्ख्या महासागराचे

दक्षिण अमेरिकेतील पेरूच्या किनाऱ्यावर दर नाताळच्या सुमारास उबदार पाण्याचा एक प्रवाह येतो. तिथल्या कोळ्यांनी त्याला ‘एल निनो’ म्हणजे बाळ येशू असे नाव दिले होते. काही वर्षांनी एकदा हे पाहुणे पाणी महिनोन्‌महिने मुक्काम ठोकते. मग खालचे थंड, अन्नद्रव्यांनी भरलेले पाणी वर येत नाही, अँकोव्ही मासा नाहीसा होतो, त्यावर जगणारे समुद्रपक्षी मरतात आणि वाळवंटात पूर येतात. हा सगळा प्रकार पेरूच्या किनाऱ्यापुरता आहे, असाच समज होता.

१९५७ मध्ये योगायोग जुळला. त्या वर्षीच्या १ जुलैला आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष सुरू झाले. शीतयुद्ध बाजूला ठेवून डझनावारी देशांनी एकाच वेळी पृथ्वीची मोजमापे घ्यायची, असा तो उपक्रम होता. आणि नेमका तेव्हाच मोठा एल निनो आला. पहिल्यांदाच दिसले की, पाणी केवळ पेरूजवळ नव्हे, तर विषुववृत्ताच्या कडेने हजारो किलोमीटर, थेट महासागराच्या मध्यापर्यंत तापले आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरही दक्षिणेकडचे मासे येऊ लागले होते.

ब्यर्कनेस यांना या विषयात ओढले ते माशांनी. पूर्व प्रशांत महासागरातील ट्यूना मासेमारीसाठी नेमलेल्या आंतर-अमेरिकी आयोगासाठी त्यांनी १९३५ ते १९५७ या काळातील समुद्राच्या तापमानाचा अभ्यास केला. तो १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. आयोगाला मासा कुठे जातो हे हवे होते. ब्यर्कनेस यांना मात्र वारा कुठे जातो, हा प्रश्न सतावू लागला.

एका कोरड्या बेटाची साक्ष

प्रशांत महासागराच्या मध्यावर, विषुववृत्ताच्या जरा दक्षिणेला कँटन नावाचे कंकणाकृती प्रवाळ बेट आहे. एके काळी महासागर ओलांडणारी विमाने तिथे इंधनासाठी उतरत, त्यामुळे तिथे हवामान ठाणे होते. एरवी या बेटावर पाऊस फारसा पडत नाही. भोवती अथांग पाणी आणि बेट कोरडे! कारण थंड पाणी वर येत असल्याने समुद्र हवेपेक्षा गार असतो आणि गार पाण्यावर ढग उभे राहत नाहीत.

१९५० पासूनच्या कँटनच्या नोंदी ब्यर्कनेस यांनी तपासल्या. १९५७ च्या अखेरीस तिथले पूर्वेकडचे वारे मंदावले होते, समुद्र हवेपेक्षा उबदार झाला होता आणि त्याच काळात या कोरड्या बेटावर धो-धो पाऊस पडला होता. १९६३ आणि १९६५ मध्येही तसेच घडले. वारा, पाणी आणि पाऊस यांची साखळी एका लहानशा बेटाच्या वहीत सापडली.

१९६६ मध्ये, म्हणजे वयाच्या ६८ व्या वर्षी, त्यांनी या साखळीचे पुढचे टोक दाखवले. विषुववृत्तावरचे पाणी तापले की वर जाणारी हवा अधिक उष्णता घेऊन जाते, त्यामुळे उत्तर प्रशांत महासागरातले पश्चिमी वारे बळावतात आणि अलास्काजवळचा कमी दाब अधिक खोल होतो. उष्ण कटिबंधातल्या समुद्राची खबर हजारो किलोमीटर दूरच्या हिवाळ्याला लागते. त्याच वर्षासाठी अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदकही त्यांना मिळाले.

वॉकर आणि पुण्याचे ‘सिमला ऑफिस’

कोड्याचा दुसरा अर्धा तुकडा मात्र भारतात पडून होता.

केंब्रिजचे गणिती गिल्बर्ट वॉकर १९०४ मध्ये भारतीय हवामान खात्याचे प्रमुख झाले. १८७७ आणि १८९९ च्या भीषण दुष्काळांची आठवण ताजी होती आणि मान्सूनचा अंदाज आधी कळावा, ही सरकारची निकड होती. खात्याचे मुख्यालय तेव्हा सिमल्याला होते. ते १९२८ मध्ये पुण्यात आले. शिवाजीनगरच्या चौकाला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात ते त्यामुळेच. वॉकर यांनी भारतीय कारकुनांचा ताफा बसवून जगभरच्या दाब, पाऊस आणि तापमानाच्या नोंदींची हाताने आकडेमोड करून घेतली. त्यातून त्यांना दिसले की, प्रशांत महासागराच्या पूर्वेला दाब वाढला की हिंदी महासागर आणि इंडोनेशियाकडे तो उतरतो, आणि उलट. तराजूच्या दोन पारड्यांसारखे. १९२४ मध्ये त्यांनी त्याला ‘दक्षिणी आंदोलन’ असे नाव दिले.

पण हे पारडे हलवते कोण, हे वॉकर यांना सांगता आले नाही. कारणाशिवाय नुसते आकडे जुळतात म्हणून अनेकांनी त्यांच्या कामाकडे संशयाने पाहिले. समुद्राच्या पाण्याकडे कारण दडले असावे, हे दाखवण्याइतक्या नोंदीच त्या काळी नव्हत्या. १९५८ मध्ये वॉकर यांचे निधन झाले. ज्या एल निनोने त्यांचे कोडे सुटणार होते, तो नुकताच येऊन गेला होता.

ब्यर्कनेस यांनी हा तुकडा उचलला. जकार्ताच्या हवेच्या दाबाचा आणि पेरूजवळच्या पाण्याच्या तापमानाचा मेळ बसतो, हे डच हवामानतज्ज्ञ हेंड्रिक बर्लाख यांनी दाखवले होते. १९६९ मध्ये ब्यर्कनेस यांनी सगळे तुकडे एकत्र जोडले आणि विषुववृत्तावरच्या पूर्व-पश्चिम वायुचक्राला वॉकर यांचे नाव दिले. स्वतःचे नाव देण्याची संधी असताना हयात नसलेल्या, काहीशा विस्मृतीत गेलेल्या माणसाचे नाव त्यांनी निवडले.

कोंबडी आधी की अंडे?

ब्यर्कनेस यांची मांडणी थोडक्यात अशी. नेहमीच्या वर्षी व्यापारी वारे उबदार पाणी पश्चिमेकडे, इंडोनेशियाच्या बाजूला लोटतात. तिथे समुद्राची पातळी पेरूपेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच असते आणि उबदार पाण्याचा थरही जाड असतो. पूर्वेला हा थर पातळ, त्यामुळे वाऱ्याने जरा ओढले की थंड पाणी वर. पश्चिमेच्या उबदार पाण्यावर हवा वर उठते, ढग होतात, पाऊस पडतो. ती हवा उंचावरून पूर्वेकडे जाते, थंड पाण्यावर खाली उतरते आणि पुन्हा व्यापारी वारा होऊन पश्चिमेकडे निघते.

म्हणजे वाऱ्यामुळे पूर्वेचे पाणी थंड राहते आणि पूर्वेचे पाणी थंड राहते म्हणून वारा वाहतो. आता काही कारणाने वारा थोडा मंदावला असे समजू. थंड पाणी वर येणे घटते, पूर्वेचा समुद्र तापतो. पूर्व-पश्चिम तापमानातला फरक कमी होतो, त्यामुळे दाबातला फरक कमी होतो आणि वारा आणखी मंदावतो. पाणी आणखी तापते. उतारावरून सुटलेल्या गाडीसारखे. हाच एल निनो. उलट दिशेने ढकलले तर वारा जोर धरतो, पाणी थंड होते आणि वारा आणखी बळावतो. त्याला पुढे ‘ला निना’ हे नाव पडले. एकमेकांना फूस लावणाऱ्या या चक्राला आज शास्त्रज्ञ ‘ब्यर्कनेस प्रतिसाद’ म्हणतात.

मान्सूनचा संबंध इथेच येतो. एल निनोत ढग उभे राहण्याची जागा पश्चिमेकडून महासागराच्या मध्याकडे सरकते. मग इंडोनेशिया आणि भारताच्या बाजूला हवा वर उठण्याऐवजी खाली दबण्याचा कल वाढतो. दबलेल्या हवेत पाऊस पडत नाही.

१९७२

सिद्धांत छापून तीन वर्षे होतात न होतात तोच त्याची कठोर परीक्षा आली. १९७२ च्या मध्यापासून प्रशांत महासागर झपाट्याने तापला. पेरू तेव्हा मासेमारीत जगात पहिल्या क्रमांकावर होता. १९७० मध्ये तिथे सुमारे १ कोटी २० लाख टन अँकोव्ही पकडली गेली होती, १९७३ मध्ये आकडा २० लाख टनांच्या आसपास घसरला. यात बेसुमार मासेमारीचा वाटा मोठा होता, पण समुद्राने शेवटचा घाव घातला. कोंबड्यांचे खाद्य म्हणून वापरली जाणारी मासळीची भुकटी महागली आणि सोयाबीनचे भाव भडकले.

त्याच वर्षी महाराष्ट्रात पावसाने पाठ फिरवली. आधीची दोन वर्षेही ओढीचीच होती. बहात्तरचा दुष्काळ म्हटले की जुन्या पिढीला आजही खडी फोडण्याची कामे, सुकडी आणि लाल मिलो आठवतो. पाझर तलाव आणि रस्त्यांच्या कामांवर लाखो माणसे राबली आणि त्यातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली. या दुष्काळाचे सगळे खापर एल निनोवर फोडता येणार नाही. पाणी अडवले नव्हते, धान्याचा साठा नव्हता, ही माणसाची बाजू होती. पण पाऊस का आला नाही, या प्रश्नाचे मोठे उत्तर तीन वर्षांपूर्वी एका शोधनिबंधात छापून आले होते आणि अंदाजासाठी ते वापरण्याची यंत्रणा जगात कुठेच नव्हती, हेही तितकेच खरे. स्वतः ब्यर्कनेस त्या वर्षी १९६४-६५ च्या एल निनोचे हवेवर काय परिणाम झाले, याचा अभ्यास प्रसिद्ध करत होते. तेव्हा ते ७४ वर्षांचे होते.

काय सुटले नाही?

गाडी उतारावर सुटली की वेग का घेते, हे ब्यर्कनेस यांनी सांगितले. ती थांबते आणि मागे फिरते कशी, हे त्यांना सांगता आले नाही. एल निनो कायमचा का राहत नाही? वर्षभरात तो विरतो आणि कधी कधी लगेच ला निना येतो, ते कशामुळे? हा दुवा अस्पष्ट आहे, याची कबुली त्यांनी आपल्या निबंधातच दिली होती.

त्याचे उत्तर समुद्राच्या पोटात होते. ७ जुलै १९७५ रोजी लॉस एंजेलिसमध्ये ब्यर्कनेस यांचे निधन झाले. त्याच वर्षी हवाई बेटांवर काम करणारे जर्मन वंशाचे समुद्रशास्त्रज्ञ क्लाउस विर्त्की यांनी बेटांवरच्या भरती-ओहोटी मापकांवरून दाखवले की, पेरूचा समुद्र तापतो तो केवळ तिथला वारा पडल्यामुळे नाही. व्यापारी वारे आधी जोरात वाहून पश्चिमेला पाण्याचा डोंगर रचतात. मग पश्चिमेचा वारा ढिला पडला की ते पाणी लाटेच्या रूपाने विषुववृत्तावरून पूर्वेकडे परत येते आणि उबदार थर जाड करते. या लाटा सावकाश चालतात, काही काठाला आपटून परत फिरतात. गाडी मागे फिरण्याची वेळ त्या ठरवतात. दहा वर्षांनी मार्क केन आणि स्टीफन झेबिएक यांनी वारा आणि समुद्र यांची ही जोडी संगणकात बसवली आणि १९८६ मध्ये एल निनोचा पहिला संगणकीय अंदाज प्रसिद्ध झाला.

मधल्या काळात एक नामुष्कीही झाली. १९८२-८३ चा प्रचंड एल निनो येत असताना तो अनेक तज्ज्ञांना ओळखताच आला नाही. मेक्सिकोतील एल चिचोन ज्वालामुखीच्या धुराळ्याने उपग्रहांची तापमान मोजणी चुकवली होती. त्यानंतर प्रशांत महासागराच्या विषुववृत्तावर वारा आणि पाण्याचे तापमान मोजणाऱ्या सुमारे ७० तरंगत्या नोंदयंत्रांची माळ उभारण्यात आली. ती १९९४ मध्ये पूर्ण झाली. कँटनच्या एका बेटावर ब्यर्कनेस यांनी जे शोधले, ते आता अख्ख्या महासागरावर रोज मोजले जाते.

मग १९९७ मध्ये पाऊस कसा पडला?

१९९७ चा एल निनो विसाव्या शतकातला सर्वात बलवानांपैकी एक होता. भारतात दुष्काळाची धास्ती होती, पण मान्सून जवळपास सरासरीइतका बरसला. उलट २००२ मध्ये एल निनो मध्यम असूनही पावसाने दगा दिला. नुसते पेरूकडे पाहून चालत नाही, हे तेव्हा पुन्हा उमगले.

१९९७ च्या त्या सुटकेमागचे एक कारण आपल्याच समुद्रात सापडले. सुमात्राच्या किनाऱ्यावर पूर्वेकडचे वारे बळावले, खोलातले थंड पाणी वर आले आणि पश्चिम हिंदी महासागर तापला. पाण्यातल्या या फरकाने वारे आणखी बळावले. ब्यर्कनेस यांनी प्रशांत महासागरात पाहिलेलेच चक्र, फक्त छोट्या महासागरात आणि पूर्व-पश्चिम उलटापालट होऊन. १९९९ मध्ये ‘हिंदी महासागर द्विध्रुव’ या नावाने ते जगासमोर आले. तो शोधनिबंध लिहिणाऱ्या चौघांपैकी तिघे भारतीय होते आणि त्यांतले एक, भूपेंद्रनाथ गोस्वामी, पुढे पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेचे संचालक झाले.